शेवटल्या रांगेपर्यंत

खोपोलीस लागून असलेलें साजगांव हें आवाजाचें गांव आहे असें म्हटलें, तर तेथील मंडळींस राग येऊं नये. साजगांव-ताकईचा जो विठोबा आहे, त्यास सारी पंचक्रोशी ‘बोंबल्या विठोबा’ म्हणते. कार्तिकांतल्या यात्रेंत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो, त्यांतल्या बोंबलांवरून हें नांव पडलें असें कोणी सांगतात; कोणी त्याचा संबंध सरळ ‘बोंब’ या शब्दाशींच जोडतात. तुकोबा मिरचीच्या गोण्या घेऊन कोंकणांत उतरत ते येथेंच येत, अशीहि कथा या भागांत ऐकूं येते. व्युत्पत्तीचा निकाल आम्ही भाषाशास्त्र्यांवर सोपवितों. ज्या देवाच्या नांवांतच आरोळीचा वास येतो, त्याच्या शेजारीं बसून आवाजाविषयीं चार शब्द लिहावयास हरकत नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें.

गेल्या माघांत साजगांवाजवळच्या एका वाडींत हरिनाम सप्ताह बसला होता. आमचा एक जुना विद्यार्थी त्या वाडीचा. महाविद्यालयांत असतांना तो आमच्याजवळ शेक्सपियर वाचीत असे. आतां मुंबई-पुण्याकडील गायनसभांत व नाट्यप्रयोगांत तो ‘साउंड’ पाहतो. पदवी आणि पोट यांची अशी फारकत आमच्या विद्यार्थ्यांत नवी नाहीं, आणि तिच्याबद्दल आमची तक्रारहि नाहीं. त्याचे वडील मात्र पहिल्यापासून याच धंद्यांतले. दोन कर्णे, आहुजाचा एक अ‍ॅम्प्लिफायर आणि एक माइक एवढ्या भांडवलावर त्यांनीं पंचवीस-तीस वर्षें आसपासचीं लग्नें, सप्ताह आणि निवडणुकीच्या सभा सांभाळल्या. यंदा मुलानें हट्ट धरला कीं वाडीचा सप्ताह आपल्या नव्या सामानानें करूं, भाडें नको. आम्हांसहि त्यानें बोलावलें. “सर, कीर्तनाला तर याच, पण आदल्या दुपारींच या. खरी गंमत तारा टाकतांना असते,” असें तो म्हणाला.

या गमतीकडे वळण्यापूर्वीं थोडें मागें जाणें जरूर आहे. १९१५ सालीं टाटांचें खोपोलीचें वीजघर सुरू झालें. घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी नळांतून खालीं कोसळवून त्यावर वीज करावयाची आणि ती तारांनीं मुंबईच्या गिरण्यांस पोंचवावयाची, अशी ती योजना. योगायोग असा, कीं त्याच वर्षाच्या २४ डिसेंबरला, पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूस, सॅनफ्रान्सिस्कोच्या नगरभवनासमोर प्रिडॅम आणि जेन्सेन या दोघां गृहस्थांनीं नाताळानिमित्त जमलेल्या अफाट समुदायास विजेच्या कर्ण्यांतून भाषण आणि संगीत ऐकविलें. आमच्याकडे तेव्हां गंधर्व नाटक मंडळी निघून दोनच वर्षें झालीं होतीं, आणि नटाचा आवाज पिटांतल्या शेवटल्या बाकापर्यंत पोंचविण्याची सारी जबाबदारी नटाच्या छातीवर होती. कीर्तनकाराचेंहि तसेंच. आवाज जेथपर्यंत पोंचे तेथपर्यंतच सभा असे. माणसें त्या मानानें दाटून बसत. कर्णा आला आणि माणसें लांब बसूं लागलीं. कर्ण्यानें सभा मोठी केली हें खरें. पण शेवटल्या रांगेस शब्द कळतो कीं नाहीं, हा प्रश्न त्यानें सोडविला नाहीं, नुसता पुढें ढकलला.

तो कां सुटला नाहीं याचें गणित सोपें आहे. उघड्यावर आवाजाचें अंतर दुप्पट झालें कीं त्याची तीव्रता चौथाईवर येते. साठ मीटरांवर बसलेल्या म्हातारीस जेवढ्या आवाजानें कीर्तन नीट ऐकूं यावें, तेवढा आवाज एकाच कर्ण्यानें पोंचवावयाचा तर त्या कर्ण्यापासून दोन मीटरांवर बसलेल्या पोराच्या कानांवर तो नऊशेंपट तीव्रतेनें आदळणार. म्हणजे पुढच्यांस बधिर केल्याशिवाय मागच्यांस ऐकवितां येत नाहीं. त्यांतहि मागें जें पोंचतें तें पत्र्यावर, भिंतींवर आणि समोरच्या डोंगरावर आपटून आलेलें. त्यांत स्वर उरतो, व्यंजनें गळून जातात. त्या वाडींतल्याच एका आजींनीं आम्हांस गेल्या सालची हकीकत एका वाक्यांत सांगितली: “आवाज त मोठा हाय, पन बुवा काय बोलतान त्ये कलत नाय.” ध्वनिशास्त्रावरील ग्रंथांत याहून नेमकी तक्रार आम्ही वाचलेली नाहीं.

यावर उपाय उघड आहे, आणि तो जुनाहि आहे: एक मोठा कर्णा न लावतां मंडपभर थोड्याथोड्या अंतरावर लहान लहान कर्णे लावावे. पण तसें केलें कीं नवीन घोटाळा होतो. तारेंतून आवाज तत्क्षणीं जातो, हवेंतून तो सेकंदास सुमारें ३४३ मीटर चालतो. चाळीस मीटरांवरचा कर्णा बुवांचा शब्द आधीं बोलून टाकतो. तोच शब्द व्यासपीठाकडून हवेंतून येण्यास सेकंदाचा आठवा-नववा हिस्सा जास्त लागतो. श्रोत्यास प्रत्येक शब्द दोनदां ऐकूं येतो. तेव्हां मागच्या कर्ण्यास मुद्दाम थांबवून धरावें लागतें: वीस मीटरांवरच्यास ५८ सहस्रांश सेकंद, चाळीसवरच्यास ११७, आणि वर आणखी थोडे. हे ‘आणखी थोडे’ फार महत्त्वाचे. हेल्मुट हास या जर्मन संशोधकानें १९४९ च्या आपल्या प्रबंधांत दाखविलें, कीं एकच आवाज दोन ठिकाणांहून किंचित् मागेंपुढें आला, तर जो आधीं आला त्याच्याच दिशेनें तो आला असें कान मानतो. मागून आलेला थोडा मोठा असला तरीहि. म्हणजे आजींच्या डोक्यावरचा कर्णा बोलत असतो, आणि आजींस वाटतें बुवा बोलताहेत. फसवणूकच ही, पण इतकी परोपकारी फसवणूक आमच्या पाहण्यांत दुसरी नाहीं.

आतां दुपारची गंमत. व्यासपीठाच्या पायरीशीं एक लोखंडी पेटी ठेवलेली होती. बुवा, विणेकरी, मृदंगाच्या दोन्ही बाजू, हार्मोनियम, गायक आणि टाळकऱ्यांच्या दोन रांगा मिळून सोळा माइकांच्या तारा तिच्यांत शिरत होत्या. जुन्या गायनसभांत अशा पेटीपासून मंडपाच्या मध्यापर्यंत मनगटाएवढा जाड तारांचा सर्प जाई. त्याच्या पोटांतली एखादी तार तुटली कीं ती शोधण्यांत अर्धा दिवस मोडे. येथें पेटींतून बाहेर निघाल्या होत्या त्या दोनच निळ्या तारा, घरीं इंटरनेटासाठीं भिंतीवरून नेतात तसल्या. त्यांतलीहि एक राखीव. दोघी दोन वाटांनीं गेलेल्या, एक डाव्या खांबांवरून, दुसरी उजव्या. कारण गुरें, पोरें आणि आचाऱ्याच्या हातगाड्या यांचा कोप एकाच वेळीं दोन्हीकडे होत नाहीं. विद्यार्थ्यानें आमच्यासमोर गाणें चालूं असतां एक तार उपटून दाखविली. गाण्याच्या अंगावर ओरखडाहि उठला नाहीं.

सोळा आवाज एका तारेंतून जातात कसे? तर ते आवाज म्हणून जातच नाहींत. आंकडे म्हणून जातात. प्रत्येक माइकावरील आवाजाची उंची सेकंदांत ४८,००० वेळां मोजावयाची, आणि प्रत्येक माप शून्य व एक अशा चोवीस अंकांत लिहावयाचें. एका माइकाचे असे सेकंदास साडेअकरा लाख अंक होतात, सोळांचे सुमारें दोन कोटि. तारेची ऐपत शंभर कोटींची. थोडेथोडे अंक पाकिटांत घालून वर पत्ता लिहितात. वाटेंत जो ‘स्विच’ नांवाचा डबा असतो तो पोस्टमास्तराप्रमाणें पत्ता पाहून पाकीट ज्याचें त्यास देतो. एकच पाकीट मिक्सरास, कर्ण्यांस, ध्वनिमुद्रणास असें हवें तितक्यांस वांटतां येतें, आणि वांटल्यानें तें पातळ होत नाहीं. विद्यादानासंबंधीं आपण हेंच म्हणत आलों.

ही टपालाची पद्धत मुळांत संगीतासाठीं नव्हे. इथरनेट १९७३ सालीं अमेरिकेंत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत जन्मलें, तें संगणकांनीं एकमेकांस मजकूर पाठविण्यासाठीं. मजकूर अर्धा सेकंद उशिरां आला म्हणून कोणाचें बिघडत नाहीं. मृदंगाची थाप मात्र उशिरां येऊन चालत नाहीं. १९९६ त कोब्रानेट नांवाची पद्धत निघाली, तिनें प्रथम या वाटेनें गाणें धंदेवाईक रीतीनें नेलें. पुढें २००६ त सिडनी येथें ऑडिनेट कंपनी निघाली, तिच्या पद्धतीचें नांव ‘दांते’. निरनिराळ्या पद्धतींच्या यंत्रांस एकमेकांचें बोलणें समजावें म्हणून २०१३ त एईएस ६७ हा समान नियमहि ठरला. दांतेचें नांव निघतांच आम्हीं कान टंवकारले. आमच्या धंद्यांत दांते म्हटला कीं नरकाचीं वर्तुळें आठवतात, आणि समोर पडलेलीं तारांचीं वेटोळीं पाहून तीं अधिकच आठवलीं. विद्यार्थी हंसला. “सर, यांत स्वर्गहि आहे, पण आधीं घड्याळ जुळलें पाहिजे.”

घड्याळाचें हें प्रकरण आम्हांस सर्वांत मोलाचें वाटलें. सेकंदास ४८,००० मापें घ्यावयाचीं हें प्रत्येक यंत्र आपल्या पोटांतल्या स्फटिकाच्या घड्याळावरून ठरवितें; आणि दोन स्फटिक कधींहि अगदीं सारखे चालत नाहींत. लाखांत एकाचा फरक असला तरी दर दोन सेकंदांस एक माप कमी किंवा जास्त पडतें. दोन तासांच्या कीर्तनांत अशीं साडेतीन हजारांच्या आसपास. हा हिशेब कोठें तरी फुटतो, आणि फुटतो तेव्हां कर्ण्यांत ‘टिक्’ असा आवाज होतो. म्हणून जाळ्यांतलीं सर्व यंत्रें सुरू होतांच आपसांत निवडणूक करून एकास प्रमुख ठरवितात, आणि तो जी वेळ सांगेल तीच वेळ बाकीचीं मानतात. नुसती वेळ ऐकून भागत नाहीं. निरोप वाटेंत किती काळ होता तेंहि मोजून वजा करावें लागतें. यासाठींचा नियम २००२ सालचा असून आयईईई १५८८ या रुक्ष नांवानें ओळखला जातो. प्रमुख बंद पडला तर दुसरा निवडला जातो, आणि तोंपर्यंत सभा उधळत नाहीं. हें ऐकतांना मुंबईची आठवण झाल्याशिवाय राहिली नाहीं. १९०६ सालीं हिंदुस्थानची एक प्रमाणवेळ ठरली, तरी तिच्याहून एकोणचाळीस मिनिटें मागें असलेली आपली ‘मुंबई टाइम’ त्या शहरानें १९५५ पर्यंत अंगावर वागविली. आमच्या लहानपणीं घरांतलीं वडीलधारीं माणसें ही गोष्ट मोठ्या अभिमानानें सांगत. माइक आणि कर्णे असे अभिमानी निघाले असते तर सप्ताहाची धडगत नव्हती.

विद्यार्थ्याचे वडील एवढा वेळ खांबाला टेकून ऐकत होते. ते म्हणाले, “म्हंजी मृदुंगाकडं कान ठेवून टाळ वाजवायचा. यात काय नवं?” मुलगा क्षणभर गप्प राहिला व म्हणाला, “नाहीं बाबा, नवं कांहीं नाहीं.” आम्हांस हें उत्तर फार आवडलें.

पुढें नांवें ठेवण्याचा विधि. जाळ्यांतल्या प्रत्येक यंत्रास नांव द्यावें लागतें, आणि कोणाचा आवाज कोणाकडे जावयाचा हें त्या नांवानेंच ठरतें. मध्येंच कोणी नांव बदललें कीं संबंध तुटला. यंत्रांचीं हीं नांवें रोमन अक्षरांतच चालतात, देवनागरी घेत नाहींत. विठ्ठलास तेथें परकीय वेषांतच प्रवेश आहे. जगभरच्या कीर्तनांस, कव्वाल्यांस आणि चर्चमधल्या गायनांस उपयोगीं पडणाऱ्या या विद्येचे कर्ते एवढें सौजन्य दाखवितील तर बरें होईल. वडिलांनीं मात्र त्यावर तोड काढली: प्रत्येक पेटीवर पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘मृदुंग’, ‘विणा’, ‘मागचा कर्णा’ असें मराठींत लिहिलें. त्यांचें अक्षर आमच्या सहाध्यायी प्राध्यापकांपैकीं पुष्कळांहून वळणदार आहे.

संध्याकाळीं हरिपाठ सुरू झाला आणि थोड्याच वेळांत मंडपाच्या मागल्या भागांतून टिकटिक येऊं लागली. पुढें बसलेल्यांस तिचा पत्ता नव्हता; लॅपटॉपापाशीं बसलेल्या मुलासहि नव्हता, कारण तो पुढच्या कर्ण्यांच्या सुरांत होता. ती ऐकली वडिलांनीं. ते मागें चपला सांभाळावयास गेले होते, ते तसेच अनवाणी पुढें आले. “मागं कायतरी मोजायला चुकतंय,” ते मुलाच्या कानाशीं म्हणाले. “तार तुटल्याचा आवाज न्हवं तो, तार तुटली की खरखरतं.” मुलगा उठला, तारेच्या मागानें गेला. मुंबईंत कामास असलेल्या गांवकऱ्यांस हरिपाठ फोनवर पाहतां यावा म्हणून एका उत्साही तरुणानें मागच्या कर्ण्यांकडे जाणाऱ्या तारेच्या मध्यें घरून आणलेला एक छोटा स्विच बसविला होता. हेतु निर्मळ होता. पण तो डबा वीज वांचविणाऱ्यांपैकीं निघाला: काम नसेल तेवढ्या क्षणांत डुलकी घ्यावयाची आणि पाकीट आलें कीं जागें व्हावयाचें, असा त्याचा स्वभाव. इंटरनेटास ही डुलकी कळतहि नाहीं. पण वेळेचा निरोप कधीं लगेच तर कधीं किंचित् उशिरां जाऊं लागला, आणि मागचे कर्णे प्रमुखापासून घसरले. मागच्या कर्ण्यांस राखीव तारहि नव्हती. ती पुढच्यांपुरतीच पुरली होती. पोस्टमास्तरानें टपाल गहाळ केलें नाहीं, फक्त दुपारीं झोप काढली, एवढ्यानें हा अनर्थ. डबा काढला, तरुणास दुसऱ्या तोंडाची सोय करून दिली, आणि ज्ञानदेवांचा हरिपाठ पुढें बिनटिकटिक चालला. मुलगा परत आपल्या जागीं बसतांना वडिलांस म्हणाला, “उद्यां तुम्ही मागेंच बसा.” नऊ लाख रुपयांचें सामान असो कीं नव्वद लाखांचें, शेवटल्या रांगेंत एक जाणता कान बसविल्याशिवाय तें पुरें होत नाहीं, असें आमच्या मनांत आलें, आणि ही नेमणूक आमच्यासमोर झाली याचा आनंद वाटला.

दुसऱ्या दिवशीं कीर्तन. येथें एक निराळीच अडचण उभी राहिली. आवाज मंडपभर सारखा, कोठेंहि साध्या बोलण्याहून थोडाच चढता. शब्द न् शब्द कळत होता. आणि कमिटीच्या मंडळींचे चेहरे उतरलेले! एक सभासद येऊन म्हणाले, “अहो, आवाज कुठाय? शेजारच्या गांवाला ऐकूं जायला नको?” दुसऱ्यांनीं मुलाच्या वडिलांस बाजूस नेऊन, पोरानें फुकट काम म्हणून लहान कर्णे तर नाहीं ना आणले, अशी चौकशी केली. आमच्या समाजांत आवाजाचा आकार आणि कार्याची इभ्रत यांचें लग्न केव्हांचेंच लागलेलें आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं राहत्या वस्तींत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबलांची मर्यादा घातली, उघड्यावरील कर्णे रात्रीं दहा ते सकाळीं सहा बंद ठेवावयास सांगितले, वर्षांतून पंधरा दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची मुभा सरकारास ठेविली. नियमांची ती पुस्तिका वाचून दाखविली म्हणजे मंडळी मान डोलावतात, आणि उठून आवाज वाढवावयास सांगतात. ऐकूं येणें निराळें आणि ऐकूं जाणें निराळें, हा भेद करणारी भाषा आपली. तिच्या लेकरांस तो व्यवहारांत उमगूं नये याचें आम्हांस नवल वाटतें. जी नवी जाळी शब्द शेवटल्या रांगेपर्यंत हळुवार नेण्याची सोय करते, तीच दहापट कर्णे एकत्र बांधून छाती हादरविण्याचीहि सोय करते. आणि मिरवणुकींत तिचा उपयोग कोणत्या कामाकडे होतो हें आम्ही आमच्या खिडकींतून दरसाल पाहतों, किंबहुना खिडक्यांच्या तावदानांतून अनुभवतों.

मुलानें सभासदांशीं वाद घातला नाहीं. त्यानें त्यांस हाताला धरून मंडपाच्या टोकास नेलें. तेथें सैंपाक आटोपून उशिरां आलेल्या बायका बसल्या होत्या. पुढल्या गाद्यांवर जी मंडळी बसतात त्यांस अभंग निम्मेअधिक पाठ असतात. बुवांचें निरूपण खरोखर नव्यानें ऐकावयाचें असतें तें या बायकांस, आणि वर्षानुवर्षें त्यांच्याच वांट्यास नुसता गोंगाट आलेला. गेल्या सालची तक्रार सांगणाऱ्या आजी तेथेंच होत्या. बुवांनीं एक विनोद केला. पुढें हंशा झाला, आणि त्याच क्षणीं, मागून न येतां, शेवटली रांगहि हंसली. आजी तर पदर तोंडाला लावून हंसत होत्या. सभासद महाशय कांहीं वेळ तेथेंच उभे राहिले. मग म्हणाले, “बरं, पण थोडा तरी वाढव. लोक काय म्हणतील?” मुलानें थोडा वाढविला.

सप्ताह उठल्यावर मोठें सामान मुंबईस परत गेलें. दोन लहान कर्णे, एक पेटी आणि झोप न घेणारा एक स्विच मुलानें वडिलांपाशीं ठेवले आहेत. आम्ही निघालों तेव्हां वडील अंगणांत बसून निळ्या तारेचें वेटोळें करीत होते, कोंपराभोंवतीं न गुंडाळतां, एक वेढा सुलटा आणि एक उलटा असें, म्हणजे तारेस पीळ पडत नाहीं. शेजारीं वाडींतलीं दोन पोरें तारेचें दुसरें टोंक धरून बसलीं होतीं, आणि पांढऱ्या पट्टीवरचें ‘मागचा कर्णा’ हें नांव एकजण मोठ्यानें वाचीत होता.